डिस्क बाहेर चालते, संगणकात मात्र ‘बूट’ होत नाही: दोष शोधण्याचा क्रम

संगणकाचे बटण दाबावे, पंखा फिरावा, कंपनीचे बोधचिन्ह उमटावे आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ येऊन सारे थांबावे, हा अनुभव आता घरोघरी येतो. अशा वेळी डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, तर अनेकदा त्यातील सर्व फाइली जशाच्या तशा दिसतात. तीच डिस्क पुन्हा मूळ जागी बसवली की काळा पडदा परत येतो. डिस्क वाचता येणे आणि डिस्कवरून संगणक सुरू होणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीला केवळ डिस्क शाबूत असावी लागते. दुसरीला डिस्क, केबल, मदरबोर्डवरील नोंदी आणि कार्यप्रणाली या चौघांचे एकमत व्हावे लागते. यांपैकी कोणी रुसले आहे, हे ठरवण्याचा क्रम येथे दिला आहे.

हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे पाहण्यासाठी गुजरातमधील सुरत शहराच्या नवागाम-डिंडोली भागाचे उदाहरण घेता येईल. उधना जंक्शनवरून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांचा उदरनिर्वाह सुरतच्या वस्त्रोद्योगावर चालतो. साडीवरील भरतकाम आता संगणकनियंत्रित यंत्रांवर होते. नक्षीचे ‘पंचिंग’ आधी संगणकावर केले जाते आणि तयार फाइल पेन ड्राइव्हवरून यंत्रात भरली जाते. यंत्राला लागणाऱ्या ‘डीएसटी’ फाइलमध्ये फक्त टाक्यांचा क्रम असतो. नक्षी मोठी-लहान करावयाची, तिच्यात फेरफार करावयाचा, तर मूळ संपादनयोग्य फाइल लागते आणि ती पंचिंग करणाऱ्याच्या संगणकातच असते. अशा कारागिराची डिस्क उठली नाही, तर त्याची अनेक वर्षांची नक्षी अडकते आणि तिच्यावर अवलंबून असलेली यंत्रेही थांबतात. आपल्याकडील म्हापशाचा छायाचित्रकार, फोंड्याचा करसल्लागार किंवा मडगावचा छोटा दुकानदार यांची स्थिती याहून वेगळी नाही. महिन्याच्या २० तारखेचे जीएसटी विवरणपत्र डिस्कच्या सोयीने पुढे जात नाही.

बटण दाबल्यानंतर काय घडते

वीज मिळताच मदरबोर्डवरील एक छोटा कायमस्वरूपी प्रोग्राम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या संगणकांत तो ‘बायोस’ या पद्धतीचा असे, आता तो ‘यूईएफआय’ पद्धतीचा असतो. तो प्रथम मेमरी, कळफलक, पडदा यांची तपासणी करतो व नंतर जोडलेल्या डिस्क शोधतो.

यापुढे दोन्ही पद्धतींच्या वाटा वेगळ्या होतात. बायोस डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा कप्पा वाचतो. त्यात विभागांचा तक्ता आणि पुढील प्रोग्रामचा पत्ता असतो. या रचनेला ‘एमबीआर’ म्हणतात. यूईएफआय मात्र ‘जीपीटी’ रचनेच्या डिस्कवर एक लहान, स्वतंत्र विभाग शोधतो आणि त्यातील ठरावीक फाइल चालवतो. कोणत्या डिस्कवरील कोणती फाइल चालवावयाची, याची नोंद मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत असते. म्हणजे बूट होण्यासाठी लागणारी माहिती अर्धी डिस्कवर आणि अर्धी मदरबोर्डवर असते. डिस्क एका संगणकातून दुसऱ्यात नेली, तर मदरबोर्डवरची अर्धी नोंद मागेच राहते.

सर्वांत आधी प्रत, मग दुरुस्ती

दोष कोणताही असो, पहिले काम माहितीची प्रत काढणे हेच असावे. डिस्क बाहेर वाचली जात असेल, तर त्याच क्षणी आवश्यक फोल्डर दुसऱ्या माध्यमावर उतरवून घ्यावेत. ‘आज वाचली, उद्याही वाचली जाईल’ या भरवशावर राहू नये.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडताच विंडोज कधी कधी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ किंवा ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ अशी सूचना दाखवते. ही सूचना नाकारावी. विंडोजला रचना समजली नाही, एवढाच तिचा अर्थ असतो. आत काहीच नाही, असा तो होत नाही. त्याचप्रमाणे ‘चेकडिस्क’ हा दुरुस्तीचा प्रोग्राम प्रत काढण्यापूर्वी चालवू नये. तो डिस्कवर लिहितो, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेली माहितीही पणाला लावणे होय. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये तर अधिक सावध राहावे. पुसलेल्या जागा रिकाम्या करून टाकण्याची ‘ट्रिम’ नावाची सोय त्यांत असते, त्यामुळे फॉरमॅटनंतर फाइली परत मिळण्याची आशा फार थोडी उरते.

एक पेन ड्राइव्ह, एक निर्णायक चाचणी

संगणक न उघडताही बरेच कळू शकते. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीचा ‘लाइव्ह’ पेन ड्राइव्ह तयार करावा आणि बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करावा. प्रणाली डिस्कवर बसवू नये, फक्त ‘वापरून पाहा’ हा पर्याय निवडावा. यानंतर आतील डिस्क दिसली व तिच्यातील फाइली उघडल्या, तर डिस्क, केबल आणि वीज या तिन्हींवरील संशय बराच कमी होतो. दोष बूट होण्याच्या नोंदींत शोधावा. याच वेळी फाइलींची प्रतही बाहेरील डिस्कवर काढता येते. काही लॅपटॉपमध्ये इंटेलची ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ ही व्यवस्था चालू असल्यास लिनक्सला डिस्क दिसत नाही. त्यामुळे न दिसण्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कचे नाव यादीत आहे का, ते पाहावे. संगणक सुरू होताना एफ-२, डिलीट, एफ-१० किंवा कंपनीने ठरवलेली अन्य कळ दाबून तेथे पोहोचता येते. या पाहणीतून तीन शक्यता निघतात आणि प्रत्येकीची वाट निराळी आहे.

पहिली शक्यता: नावच दिसत नाही

फर्मवेअरला डिस्क दिसत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकण्याने काहीही साधणार नाही. दोष जोडणीत, विजेत किंवा डिस्कमध्ये आहे.

संगणक बंद करून विजेची वायर काढावी, बटण काही क्षण दाबून धरावे आणि आतील भागांना हात लावण्यापूर्वी धातूच्या सांगाड्याला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी. डेस्कटॉपमध्ये डिस्कला दोन केबली असतात, माहितीची व विजेची. दोन्ही काढून घट्ट बसवाव्यात, माहितीची केबल बदलून पाहावी आणि मदरबोर्डवरील दुसऱ्या साटा जोडणीत लावावी. ही स्वस्त केबल बदलण्यानेच पुष्कळदा प्रश्न मिटतो.

लॅपटॉपमध्ये या केबलीच्या जागी कागदासारखी पातळ पट्टी असते. ती वाकून किंवा घासून आतून तुटते आणि डिस्क यूएसबीवर उत्तम, आत मृतवत अशी स्थिती येते. २०१२ च्या मध्यात आलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये ही पट्टी निकामी होण्याचा दोष दुरुस्ती करणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. त्या संगणकांत डिस्कमागून डिस्क बदलली जाते आणि खरा दोषी पट्टीच असतो.

पट्टीसारख्या लांबट ‘एम-डॉट-टू’ एसएसडीबाबत आणखी एक फसगत होते. दिसायला सारख्या असलेल्या या डिस्क दोन भाषा बोलतात: साटा आणि एनव्हीएमई. खाच एकच भाषा समजणारी असेल, तर दुसऱ्या प्रकारची डिस्क तिच्यात बसूनही दिसणार नाही. जुन्या अनेक मदरबोर्डांना एनव्हीएमई डिस्कवरून बूट होता येत नाही. काही मदरबोर्डांत एम-डॉट-टू खाच आणि एखादी साटा जोडणी यांची मार्गिका सामाईक असते. एकीत डिस्क बसवली की दुसरी बंद पडते. नवी एसएसडी घातल्यावर जुनी डिस्क गायब झाली असेल, तर मदरबोर्डची पुस्तिका प्रथम पाहावी.

बाहेरील बॅकअप डिस्कचे कवच फोडून आतील डिस्क संगणकात बसवण्याचीही प्रथा आहे. अशा काही डिस्कमध्ये वीज दूरून बंद करण्याची नवी सोय असते. जुन्या पॉवर सप्लायच्या साटा जोडणीतील तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट वीज सतत येते, आणि डिस्क तिला ‘बंद राहा’ असा आदेश समजून फिरतच नाही. यूएसबी केसमध्ये ती वीज नसल्याने तेथे डिस्क व्यवस्थित चालते.

दुसरी शक्यता: नाव दिसते, बूट होत नाही

येथे जोडणी बहुधा ठीक आहे, नोंद चुकली आहे. प्रथम बूट होण्याचा क्रम पाहावा. विसरून राहिलेला पेन ड्राइव्ह किंवा नव्याने लावलेली दुसरी डिस्क क्रमात वर गेलेली असू शकते.

त्यानंतर पद्धत जुळते का, ते तपासावे. एमबीआर रचनेची डिस्क सुरू होण्यासाठी फर्मवेअरमध्ये जुनी, ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ पद्धत चालू असावी लागते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर विंडोज ११ कडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. विंडोज ११ ला ‘सिक्युअर बूट’ लागते म्हणून सीएसएम बंद केले जाते आणि एमबीआर रचनेची जुनी डिस्क त्याच क्षणी उठेनाशी होते. सीएसएम पुन्हा चालू केले, की ती उठते. कायमचा बदल करावयाचा असल्यास प्रत काढून विंडोजमध्येच असलेल्या ‘एमबीआर-टू-जीपीटी’ साधनाने रचना बदलावी आणि मगच सीएसएम बंद करावे.

जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एसएसडीवर क्लोन करताना पुष्कळजण फक्त ‘सी’ विभाग उचलतात. बूट होण्याची फाइल असलेला छोटा विभाग मागे राहतो, फाइली सर्व दिसतात, पण संगणक सुरू होत नाही. क्लोन करताना संपूर्ण डिस्क निवडावी. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण दोन्हींची ओळख-खूण सारखीच असल्याने विंडोजचा गोंधळ होऊ शकतो.

डिस्क दुसऱ्या संगणकातून आणली असेल किंवा मदरबोर्ड बदलला असेल, तर आधी सांगितलेली मदरबोर्डवरील नोंद नव्याने करावी लागते. त्यासाठी विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह लावून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ मधील ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी चालवावे. त्याने न भागल्यास जाणकाराकडून ‘बीसीडीबूट’ आज्ञेने बूटच्या फाइली पुन्हा लिहून घ्याव्यात. पेन ड्राइव्ह त्याच पद्धतीने सुरू करावा, ज्या पद्धतीने डिस्क सुरू व्हावयाची आहे. डिस्क यूईएफआयची आणि पेन ड्राइव्ह लेगसीत, असे झाले तर दुरुस्ती व्यर्थ जाते.

कवच फोडून काढलेल्या मोठ्या डिस्कमध्ये आणखी एक अडचण आढळते. काही यूएसबी केस डिस्कचे ५१२ बाइटचे कप्पे संगणकाला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. अशा केसमध्ये तयार झालेला विभाग-तक्ता डिस्क थेट साटाला जोडल्यावर चुकीच्या जागी शोधला जातो आणि डिस्क रिकामी भासते. येथे फॉरमॅटची सूचना मान्य केली, तर शाबूत माहितीवर आपणच पाणी सोडतो. डिस्क मूळ केसमध्ये परत घालून फाइली काढून घ्याव्यात.

तिसरी शक्यता: सुरू होते आणि मध्येच थांबते

विंडोजचे चिन्ह दिसून निळा पडदा येत असेल आणि त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असेल, तर डिस्कशी बोलण्याची पद्धत बदललेली असण्याचा दाट संभव असतो. फर्मवेअरमध्ये साटासाठी ‘एएचसीआय’, ‘रेड’ असे पर्याय असतात. विंडोज ज्या पर्यायात बसवले गेले, त्याच पर्यायात ते सहज उठते. कोणी हात लावला नसताना हा पर्याय कसा बदलला, याचे उत्तर बहुधा एका नाण्याएवढ्या वस्तूत असते. मदरबोर्डवरील सीआर-२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी संपली, की सर्व सेटिंग कारखान्यातील मूळ स्थितीला जातात. संगणकाची तारीख आपोआप कित्येक वर्षे मागे जात असेल, तर ही बॅटरी आधी बदलावी आणि मग योग्य पर्याय निवडावा.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी संकेतांक मागितला जात असेल, तर तो बिटलॉकरचा आहे. डिस्कवरील माहिती कुलूपबंद आहे आणि फर्मवेअरमधील बदलामुळे संगणकाने खात्री मागितली आहे. विंडोज ११ च्या अनेक नव्या संगणकांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. किल्ली बहुधा संगणक सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती नसेल, तर कोणताही तंत्रज्ञ ते कुलूप उघडू शकत नाही. म्हणून संगणक चालू असतानाच ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. बिटलॉकर असलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी हीच किल्ली लागते.

डिस्कच आजारी असेल तर

फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत टकटक आवाज येत असेल, तर ती त्वरित बंद करावी. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याने आतील पृष्ठभाग खरवडला जाण्याचा धोका असतो. माहिती मोलाची असल्यास डिस्क थेट माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेतच न्यावी.

आवाज नसेल, तर डिस्क स्वतःच ठेवत असलेली ‘स्मार्ट’ नोंदवही पाहावी. ती दाखवणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. त्यातील ५ क्रमांकाची नोंद बदललेल्या खराब कप्प्यांची, तर १९७ क्रमांकाची नोंद संशयित कप्प्यांची असते. हे आकडे वाढत असतील, तर डिस्क निवृत्त करावी. १९९ क्रमांकाची नोंद मात्र माहिती वाहताना झालेल्या चुकांची असते. तोच आकडा वाढत असेल आणि बाकी शून्य असतील, तर केबल बदलावी. डिस्क फेकण्याचे कारण नाही. वाचताना अडखळणाऱ्या डिस्कची संपूर्ण प्रत काढण्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे लिनक्सवरील साधन उपयोगी पडते. ते चांगला भाग आधी उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते.

दुकानात जाताना

आपल्याला स्वतःला हे करणे शक्य नसेल, तर तंत्रज्ञाकडे जावे, मात्र तीन गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात. माहिती हवी आहे, केवळ संगणक सुरू होणे पुरेसे नाही, हे पावतीवर लिहून घ्यावे. लेखी संमतीशिवाय फॉरमॅट करू नये, असे सांगावे. बिघाडापूर्वी नेमके काय घडले, वीज गेली, संगणक पडला, अद्ययावत आवृत्ती बसवली, नवा भाग घातला, ते क्रमाने सांगावे. ‘विंडोज उडाले, नवीन टाकतो’ हे उत्तर दहा मिनिटांत मिळाले, तर डिस्क फर्मवेअरमध्ये दिसते का आणि तिची प्रत काढली का, हे दोन प्रश्न विचारावेत.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

किनारपट्टीवरील दमट, खारट हवा धातूच्या जोडण्यांवर गंज चढवते. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालतो आणि लिहिताना अचानक वीज गेली, की विभाग-तक्ता व बूटच्या फाइली बिघडू शकतात. डेस्कटॉपला यूपीएस लावावा, महिनोन्महिने बंद पडलेला संगणक अधूनमधून चालू करावा आणि विजा कडाडत असताना वायर भिंतीतून काढून ठेवावी. नवागामसारख्या वस्त्रोद्योगाच्या वस्तीत तंतूंची धूळ आणि यंत्रांची कंपने यांची भर पडते. तेथे फिरणाऱ्या डिस्कऐवजी एसएसडी वापरणे आणि पंखा नियमित साफ करणे श्रेयस्कर ठरते.

तरीही खरे संरक्षण प्रतीचेच आहे. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक निराळ्या इमारतीत, हा जुना संकेत आजही पुरेसा आहे. निराळ्या इमारतीची अट फाजील वाटू शकते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये म्हादईच्या पुराने सत्तरी व डिचोलीतील घरांत पाणी शिरले. पाणी घरात येते तेव्हा टेबलावरचा संगणक आणि त्याच्या खणातली बॅकअप डिस्क एकदमच भिजते. दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवलेली एक डिस्क किंवा इंटरनेटवरील साठवण ही तूट भरून काढते. अशी प्रत हाताशी असली, की काळ्या पडद्यासमोर बसून शांतपणे केबल, बॅटरी आणि नोंदी तपासता येतात.